चारा की कारा?

ऐकलंत का? लातूरच्या ट्यूशन एरियात परवा मेसमधल्या आमट्या गार झाल्या, कारण पोरं ताटं सोडून भांडायलीत. मॅचवरून नाही हो, शेवाळावरून! स्पेलिंग वाचलं तर सरळ 'चारा', आणि सर म्हणतात 'कारा'. ज्या मुलखानं दुष्काळात चारा छावण्या काढल्या, त्याला चाऱ्याचा उच्चार शिकवायलेत! खेड्यातून नुकतंच आलेलं एखादं लेकरू वर्गात 'चारा' म्हणालं की मागच्या बाकांवरून हंबरणं ऐकू येतं.

पूर्वी लातूर पॅटर्न म्हटलं की बोर्डाच्या गुणवत्ता यादीतली नावं निघायची. २०१६ साली मेडिकलला 'नीट'ची सक्ती झाली, आणि आता नावं निघतात ती बेडकांची, बुरशींची. ७२० पैकी ३६० गुण एकट्या जीवशास्त्राचे! मग आई भाकरी थापता थापता झुरळाला 'पेरिप्लॅनेटा अमेरिकाना' म्हणून झोडपते. अमेरिकेला जायचं पोरानं, आधी पोचलं झुरळ.

नांदेडचंही काही विचारू नका. भाग्यनगरात एका वहिनींनी वटवाघूळ बघून 'टेरोपस!' अशी आरोळी ठोकली. सासूबाई निवृत्त शिक्षिका. त्यांनी स्पेलिंग मागवलं. "सुरुवातीचा पी कुठं गेला?" तर म्हणे तो सायलेंट असतो. "चला, या घरात कुणीतरी सायलेंट आहे," म्हणून त्या आत गेल्या. बटाट्या-वांग्याच्या कुळाचं तर विचारूच नका. कुणी 'सोलॅनेसी' म्हणतं, कुणी शेवटी 'सिई' असा लांब सूर लावतं, आणि त्या सुरावरून पोरगं कोणत्या क्लासचं ते चहावालासुद्धा ओळखतो.

बरं, एवढा घसा कोरडा करून परीक्षेत बोलायचंय काय? एक अक्षर नाही. ओएमआर शीटवर गोल काळा करायचा, तोही मुकाट्यानं. चूक झाली तर एक गुण वजा. उच्चाराचा मात्र ना गुण ना दंड. आणि लॅटिन ज्यांची मायबोली होती ते कधीच गेले, तेव्हा झापायला तरी येणार कोण?

देगलूरच्या एका पोरीनं मात्र सगळ्यांना गप्प केलं. मण्यार सापाचं 'बंगारस' तिनं असं काही म्हटलं, की सरही वरमले. वरमतील नाही तर काय! ते नाव मुळात तेलुगूतून उचललेलं, आणि हिचं आजोळ तेलंगणात.

खरा भडका उडाला तो मार्केट यार्डात. कुण्या भाच्यानं आडत्या मामाला सांगितलं, की शास्त्रात 'विग्ना मुंगो' म्हणजे मूग नव्हे, उडीद; मूग तो 'विग्ना रेडिएटा'. मामानं हातातली पावती खाली ठेवली. "हे 'मुंगो' नाव कुणी ठेवलं?" भाचा म्हणाला, "लिनियसनं. स्वीडनचा होता." "तरीच," मामा म्हणाले, "आमच्या यार्डात उडदाला मूग म्हटलं असतं, तर हमालांनीच बाहेर काढला असता."