नाना आणि पारा

डिसेंबर लागला की निफाड तालुक्यात वस्तीगणिक एक नाना आढळतात. द्राक्षबागेची ऑक्टोबरची गोडी छाटणी वेळेत उरकलेले, औषधाच्या दुकानाची उधारी डोक्यावर असलेले आणि मण्यात पाणी उतरायच्या सुमारास झोप उडालेले. डोक्याला कानटोपी, वर मफलर, पायात मात्र स्लीपर. घरातली बरी गोधडी ट्रॅक्टरच्या बॉनेटवर. नानी कुरकुरल्या तर उत्तर तयार असतं : "पहाटे ते चालू नाही झालं, तर धक्का तू मारणार का?"

नानांची तयारी दिवाळीनंतरच सुरू होते. छाटणीच्या काड्या, पाचट, तुराट्या, भुशाच्या गोण्या असा सगळा दारूगोळा बांधाबांधाला रचला जातो. घड झाकायला कागदाचे गठ्ठे येतात. कारण रात्र गारठलेली आणि दुपार तापलेली असली की थॉमसनचे हिरवे मणी गुलाबी पडतात आणि निर्यातीच्या मालातून बाद होतात. पुण्याचा पाहुणा हात चोळत "काय गुलाबी थंडी आहे हो!" म्हणाला, तर त्याला चहा मिळेल याची खात्री नाही.

थर्मामीटर दोन. एक ओट्यावर, पाहुण्यांसाठी. दुसरा बागेत, खालच्या तारेला. कारण निरभ्र, वारा पडलेल्या रात्री जड गार हवा जमिनीलगत साचते. खरा पारा तो. पाच अंशांच्या आसपास आला की नाना आधी चुलतभावाला फोन लावतात, मग शेकोट्या पेटवतात. हा क्रम कधी चुकत नाही. ठिबक सोडतात, कारण विहिरीचं पाणी पहाटेच्या हवेपेक्षा कोमट असतं आणि ओली माती ऊब धरून ठेवते. शेतीला रात्रीची वीज देणाऱ्यांचा वर्षभर उद्धार करणारे नाना या आठवड्यात त्यांच्याबद्दल चकार शब्द काढत नाहीत. शेकोटीचं दुःख वेगळंच. काड्या नानांच्या, रॉकेल नानांचं, जागरण नानांचं. आणि जरा झुळूक आली की धूर बांध ओलांडून चुलतभावाच्या बागेत. तो सकाळी आठला उठून म्हणतो, "यंदा माझ्या बागेला काही झालं नाही, देवाची कृपा."

पण नानांचा खरा राग कुंदेवाडीवर. निफाडचा पारा किती घसरला ते तिथून कळतं आणि ते आहे गहू संशोधन केंद्र! गव्हाला थंडी मानवते. म्हणजे नानांच्या काळजाचा ठोका चुकवणारा आकडा जिथून निघतो, तिथलं पीक त्याच आकड्यावर खुशीत डोलत असतं. धाकट्या भावाने यंदा गहूच पेरलाय. तो ओट्यावर बसून "अजून दोन अंश उतरायला पाहिजे होता" असं मोठ्याने म्हणतो. घरात वाटण्या अशाच होतात.

व्यापाऱ्याचा फोन येतो. "नाना, उत्तरेत कडाका आहे, द्राक्ष कोण खातंय? उन्हं तापू द्या." इकडे तडकायला आलेला मणी थांबायला तयार नाही.

एवढं सगळं असूनही राज्यातला नीचांक निफाडचा असला की नाना पेपर घडी घालून खिशात ठेवतात आणि पारावर दिवसभर दाखवतात. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दव गोठल्याची बातमी त्यांना मान्य नाही : "तिथं लोक पैसे भरून गारठायला जातात. त्याला काय थंडी म्हणायचं?"

परवा बातम्यांत सांगितलं, सर्वांत कमी तापमान धुळ्यात. निफाडला चांगले दोन अंश जास्त होते, बाग शाबूत होती, एका मण्याला तडा नव्हता. नानी देवापुढे साखर ठेवायला उठल्या. नाना म्हणाले, "धुळ्याचं यंत्र कुणीतरी तपासायला पाहिजे," आणि दुपारपर्यंत कुणाशी धड बोलले नाहीत.