रुजू होण्याआधीचा राजीनामा

मा. एचआर मॅनेजर साहेब,


येत्या सोमवारी आपल्या हॉस्पिटलात स्टाफ नर्स म्हणून रुजू होण्याचं भाग्य मी नाकारते आहे. एकही ड्यूटी न करता राजीनामा कसा लिहायचा, हे नर्सिंगच्या जीएनएम कोर्सला शिकवलं नव्हतं. चूकभूल द्यावी घ्यावी.

आपलं ऑफर लेटर घरी मोठ्यानं वाचून झालं. ‘आपण सारे एक कुटुंब’ ही पहिली ओळ. दुसऱ्या पानावर 2 वर्षांचा बॉन्ड, मधेच सोडल्यास 3 महिन्यांचा पगार भरायचा, शिवाय मार्कशीट आणि कौन्सिलचं रजिस्ट्रेशन ओरिजिनल आपल्या कपाटात. कुटुंबच हे, शंका नाही. नव्या सुनेचे दागिने सासू ‘जपून ठेवते’ तसलं.

पगाराचं विचारलं तर आपण म्हणालात, “सिस्टर, ही सेवा आहे.” पटलं. फक्त पेशंटच्या बिलात ह्याच सेवेची ‘नर्सिंग चार्जेस’ अशी वेगळी ओळ असते, रोजच्या रोज. ती कुणाच्या सेवेची?

सुप्रीम कोर्टाच्या 2016च्या आदेशानंतर नेमलेल्या समितीनं 50पेक्षा कमी खाटांच्या दवाखान्यातही नर्सला महिना किमान 20,000 रुपये द्यावेत असं सुचवलं. आपल्या खाटा शंभराच्या वर. म्हणजे त्याच समितीच्या हिशेबानं पगार सरकारी नर्सपेक्षा फार तर 10 टक्के कमी हवा. आपण देऊ केलेत 13,000. ती नुसती शिफारस आहे, हे आपल्याला बरोब्बर ठाऊक आहे. आयसीयूत खाटेमागे एक नर्स, हा इंडियन नर्सिंग कौन्सिलचा निकष मात्र आपल्या कानावर आलेला दिसत नाही. वॉर्ड दाखवताना कळलं, की नाईटला अख्ख्या मजल्याला एक सिस्टर आणि एक मावशी. सलाईन सिस्टरनंच लावायचं, फाईल तिनंच लिहायची, डॉक्टर फोन उचलेनात तर नातेवाइकांच्या शिव्याही तिनंच खायच्या. त्यातून एखादा डोस चुकला तर मेमो कुणाला, हे विचारायची गरज पडली नाही.

लिफ्टमध्ये एक सिस्टर हळूच म्हणाल्या, “ओरिजिनल देऊ नकोस गं.” कोण, ते शोधत बसू नका. तुमच्याकडे सगळ्याच तसं म्हणत असतील.

12 मेला नर्सेस डेचा केक कापाल, तेव्हा माझा तुकडा नाईटवालीसाठी काढून ठेवा.

आपली न झालेली,
एक स्टाफ नर्स

ता. क. युनिफॉर्मसाठी आगाऊ घेतलेले 1,200 रुपये परत मिळावेत. सेवा म्हणून केलंत तरी चालेल.