सरड्याला अळ्या भरवणाऱ्या दादांस

परमदयाळू, प्राणिमित्र, रीलसम्राट श्री. दादासाहेब यांच्या सेवेशी,

सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, आपला तो व्हिडिओ हातोहात फिरत आमच्यापर्यंत पोहोचला. बारामती-इंदापूर पट्ट्यातल्या एका माळालगतच्या रस्त्यावरून उचललेला सरडगुहिरा, म्हणजेच शॅमेलिऑन, आपल्या हॉलमधल्या काचेच्या पेटीत बसला आहे. चिमट्यात अळी धरून आपण ती त्याच्या तोंडासमोर नाचवता आहात. खाली आपण लिहिलं आहे, 'राजा लय नखरे करतो, काहीच खात नाही, उपाय सांगा.' उपाय विचारण्याइतका मनाचा मोठेपणा दाखवलात, त्याबद्दल आधी आभार. विचारलंच आहे तर सांगते.

दुसरे आभार दगड न उचलल्याबद्दल. आपल्या भागात सरडगुहिरा दिसला की अनेकांचा हात आधी दगडाकडे जातो. तो विषारी असतो, चावला तर माणूस जगत नाही, असं आजही छातीठोकपणे सांगणारे आहेत. त्याला विष अजिबात नसतं. हे आपल्याला ठाऊक होतं आणि आपण त्याला मारलं नाहीत. हे मी मनापासून मान्य करते. फक्त जे मरण रस्त्यावर क्षणात आलं असतं, ते आपण त्याला घरी आणून हप्त्याहप्त्यानं देता आहात.

'रस्ता ओलांडत होता, गाडीखाली आला असता, म्हणून वाचवला,' असंही आपण म्हणता. खरं आहे. एक पाय उचलायचा, पुढेमागे डुलायचं, मग तो टेकवायचा, ही त्याची चाल. बोरीच्या फांदीवर ती वाऱ्यानं हललेल्या पानासारखी भासते आणि शिकाऱ्याची नजर चुकते. डांबरावर त्याच चालीपायी त्याचा जीव जातो. पण महाराज, तो ज्या दिशेला तोंड करून निघाला होता, त्या बाजूच्या झुडपावर त्याला ठेवलं असतं, की काम झालं होतं. आपण मात्र त्याला वाचवत वाचवत थेट शहरातल्या हॉलपर्यंत आणलंत.

त्यामुळे आपल्याला एक पदवीही लाभली आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकार म्हणजे नुसतं ठार मारणं नव्हे. जिवंत पकडणं हीसुद्धा शिकारच. शॅमेलिऑन या कायद्यानं संरक्षित आहे, आणि त्याला असं उचलून घरी पाळायची मुभा कोणालाही नाही. म्हणजे व्हिडिओवर आपण स्वतःला 'प्राणिमित्र' म्हणवता आणि कायदा आपल्याला शिकारी म्हणतो.

आता त्या नखऱ्यांकडे येऊ. दुकानातून डबा भरून अळ्या आणल्यात, खर्च केलात, धन्यवाद. पण शॅमेलिऑन भक्ष्य निवडतो ते त्याच्या हालचालीवरून. त्याचे दोन डोळे दोन दिशांना स्वतंत्र फिरत असतात. कुठे काही हललं की दोन्ही डोळे तिथे रोखले जातात, अंतराचा अंदाज घेतला जातो, आणि मग शरीराहून लांब जीभ सुटते. त्यासाठी त्याला निवांतपणा लागतो, पायाखाली फांदी लागते, अंगाला ऊब लागते. आपल्या पेटीत त्याच्यासमोर काय येतं? चिमटा, चिमट्यामागे पंजा, पंज्यामागे मोबाइलचा दिवा. एवढं मोठं जनावर अंगावर आलेलं असताना कोण जेवेल? त्याच व्हिडिओत तो काळपट पडतो आणि आपण कौतुकानं म्हणता, 'बघा, राजानं रंग बदलला!' दादा, तो घाबरला आहे.

अळ्या खात नाही म्हटल्यावर आपण पुतण्याला शेतात पिटाळलंत आणि पिशवीभर नाकतोडे मागवलेत. केवढी ही माया! पण ते शेत कोणतं, हे विचारलंत का? इंदापूरच्या डाळिंबावर आणि द्राक्षावर हंगामात फवाऱ्यामागून फवारे बसतात. फवारलेल्या पिकावरचा, सुस्तावलेला, हाताला सहज सापडणारा नाकतोडा बहुतेकदा औषधानंच सुस्तावलेला असतो. तो आपण आपल्या लाडक्याला भरवणार. पुतण्यानं आणलेल्यांत पिवळ्या-निळ्या पट्ट्यांचा एक देखणा नाकतोडाही दिसला. तो रुईवरचा. रुईचा विषारी चीक पचवून तो तेच विष अंगात बाळगतो, म्हणून तर इतके भडक रंग मिरवत उघड्यावर बसतो. आपल्या 'राजा'नं त्याच्याकडे पाहून तोंड फिरवलं, त्याला आपण नखरा म्हणालात. अमेरिकेत पाळलेल्या बिअर्डेड ड्रॅगन जातीच्या सरड्यांनी काजवे गिळले आणि ते दगावले, अशा नोंदी पशुवैद्यकांनी करून ठेवल्या आहेत. एकेका काजव्यानं एवढा जीव जातो. तेव्हा पिशवीत आलेलं सगळंच 'किडे' नसतं, एवढं तरी आता लक्षात घ्यावं.

पाण्याची वाटी ठेवलीत, तीही चांदीच्या मुलाम्याची. कृपा. साचलेलं पाणी म्हणजे पाणी, हे बहुतेक शॅमेलिऑनना कळतच नाही. ते पानावरचं दव आणि पावसाचे थेंब चाटतात. आपल्या व्हिडिओत त्याचे डोळे आत गेलेले दिसतात, ते पाण्यावाचून. वाटी तुडुंब भरलेली आहे आणि तो तहानलेला आहे.

काचेतून छान ऊन येतं, असंही आपण लिहिलंत. येतं ते ऊन, पण हाडांसाठी जे हवं ते काचेबाहेरच अडतं. सूर्यप्रकाशातल्या ज्या अतिनील किरणांनी त्याच्या कातडीत ड जीवनसत्त्व तयार होतं, ती साधी काच अडवते. त्यात या अळ्यांमध्ये फॉस्फरस जास्त आणि कॅल्शियम अगदीच कमी. पोटभर खाऊनही हाडं मऊ होतात, जबडा वाकतो, फांदी पकडणारे पाय थरथरू लागतात. म्हणजे उद्या त्यानं आपलं ऐकून मुकाट्यानं अळ्या खायला सुरुवात केली, तरीही तो असा झिजतच जाणार.

आता जे सांगायला हे पत्र लिहायला घेतलं, ते सांगते. व्हिडिओ मी पुन्हा पुन्हा थांबवून पाहिला. पोटाच्या दोन्ही बाजूंना उंचवटे दिसतात. आपला 'राजा' बहुधा मादी आहे, आणि तिच्या पोटात अंडी आहेत. पावसाळा ओसरू लागला की या माद्या झाडावरून खाली उतरतात, ओलसर भुसभुशीत माती शोधतात, तासन्‌तास बीळ उकरतात, अंडी घालतात आणि माती लोटून जागा बुजवून टाकतात. एरवी झाडावर राहणारा हा प्राणी रस्त्यावर का आला होता, याचं उत्तर इथे आहे. तिचं खाणं का सुटलं, याचंही. अंडी घालायची वेळ आली की मादीचं खाणं कमी होतं, कधी पूर्ण थांबतं. पेटीत आपण हिरवा प्लास्टिकचा गालिचा घातला आहे. ती त्यावर नखं ओढते आहे. त्या क्लिपला आपण 'राजाचा डान्स' म्हटलंत आणि गाणं लावलंत. जागा मिळाली नाही तर मादी अंडी पोटातच अडवून धरते, आणि त्यात ती मरते.

मला राग आला आहे, दादा, आणि तो आता 'आपण'मध्ये मावत नाही. तुम्हाला सरडे आवडतात, हे खोटं नाही. मग ते कुठे आणि कसे जगतात, हे बघायला एकदा तरी चला. सुप्याजवळचं मयूरेश्वर अभयारण्य जेमतेम 5.14 चौरस किलोमीटरचं, 1997 मध्ये जाहीर झालेलं. लोक तिथे चिंकारा बघायला येतात. पण पाऊस झाल्यावर त्या गवतात वाकून पाहा, नाकतोडे, टोळ, माश्या, वाळवीचे पंखवाले, कशाची म्हणून कमी नसते. इंदापूर तालुक्यात कडबनवाडीचा माळ आहे, बारामतीत शिर्सुफळचा. वन विभागानं 2024 पासून दोन्हीकडे गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली आहे. सातबाऱ्यावर, बोलण्यात, भाषणात ज्याला आपण सगळे 'पडीक' म्हणतो, तिथे या प्राण्याचं ताट रोज वाढलेलं असतं, तेही फवारणीशिवाय. कालव्याचं पाणी पोहोचलं नाही म्हणून जे माळ उरले, त्यांच्यावरच हे सगळं जगतं आहे. तिथून एकेक प्राणी उचलून हॉलमध्ये आणणारे तुम्ही एकटे असता, तर कदाचित मी हे पत्र लिहिलंही नसतं. पण तुमच्या व्हिडिओखाली विचारणा सुरू आहे, 'कुठे सापडला? मलापण पाहिजे.' आणि तुम्ही कौतुकानं पत्ता सांगता आहात.

तर विनंती अशी. आजच वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर फोन करा. शॅमेलिऑनची मादी आहे, पोटात अंडी असावीत, खाणं बंद आहे, डोळे आत गेले आहेत, एवढं सांगा. कुठून उचलली ती जागा नेमकी सांगा. बरी झाल्यावर तिला तिथेच सोडता येईल. माणसं येईपर्यंत पेटीवर कापड टाका, पेटी शांत जागी ठेवा, आत एक फांदी द्या आणि पानांवर पाणी शिंपडा. चिमटा बाजूला ठेवा. मोबाइलही. तो पत्ता सांगितलेला व्हिडिओ काढून टाका.

कळावे. लोभ सरड्यांवरही असावा.

आपली नम्र,
माळावरची एक रहिवासी

ता. क. मागच्या पेटीत हिरवा इग्वाना दिसला. तो परदेशी आहे, आणि 2024 च्या नियमांनुसार त्याची सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते. या पत्राचा राग येऊन किंवा पश्चात्ताप होऊन त्याला उजनीच्या काठावर सोडून येऊ नका. आणि उरलेल्या अळ्या त्याला भरवू नका. तो शाकाहारी आहे.