थरथराटाचे शोधक

ज्या गृहस्थाच्या घरी एक बरी गिटार आहे, एक बरा अॅम्प्लिफायर आहे, शेजारी सहनशील आहेत आणि पगार दरमहा बिनबोभाट जमा होतो, त्यास वस्तुतः कसलीही विवंचना असण्याचे कारण नाही. परंतु नेमक्या अशाच सुस्थितीत त्याच्या अंतःकरणात एक सूक्ष्म शल्य रुतू लागते, आणि ते म्हणजे आपल्या वाद्याचा ध्वनी पुरेसा उबदार नाही, पुरेसा खोल नाही आणि मुख्यतः तो पुरेसा थरथरत नाही. पुण्यात कोथरूडपासून विमाननगरपर्यंत आणि मुंबईत दादरपासून बोरिवलीपर्यंत असे गृहस्थ हल्ली तुरळक का होईना, पण निश्चितपणे आढळतात. दिवसा संगणकाच्या कंपनीत किंवा बँकेत जबाबदारीची जागा सांभाळणारी ही मंडळी रात्रीची जेवणे आटोपली की ट्रेमोलो पेडलच्या निवडीत गढून जातात. ह्या वर्गाचा प्रतिनिधी म्हणून एका गृहस्थांस आपण समोर बसवू आणि त्यांस नुसते पंत म्हणू. खरे नाव काय करायचे आहे, लक्षणे सर्वांची एकच आहेत.

पंतांच्या घरी पाहुणा म्हणून गेलेल्या मनुष्यास चहापूर्वी ट्रेमोलोची मूलतत्त्वे समजून घ्यावी लागतात. आपल्या गायकीतल्या आंदोलनात स्वर स्वतः वरखाली झुलतो, तसे येथे काही होत नाही, हे ते प्रथम बजावतात. ट्रेमोलोत स्वर जागचा तसूभर ढळत नाही, केवळ त्याचा आवाज एका ठरावीक गतीने लहानमोठा होत राहतो. ही लय दर सेकंदास साधारणतः दोनपासून दहा आवर्तनांपर्यंत असते. तिची गती ठरवणाऱ्या खुंटीस ‘रेट’ म्हणतात, आणि आवाज किती खाली जावा हे ठरवणाऱ्या खुंटीस ‘डेप्थ’. दोनच खुंट्यांचे हे शास्त्र आहे असे समजून पाहुणा उठू लागतो, तेव्हा पंत त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्यास पुन्हा बसवतात, कारण खरे प्रकरण येथून पुढे सुरू होते.

पंतांनी ह्या निवडीस न्यायालयीन तहकीकातीचे स्वरूप दिले आहे. प्रत्येक पेडलची स्वतंत्र नस्ती आहे. तीत त्याची किंमत, वजन, विजेचा खर्च, परिचितांच्या जबान्या आणि उलटतपासणीत निघालेले दोष बारीक अक्षरात नोंदलेले आहेत. सुनावणी रात्री साडेनवास सुरू होते आणि कधीही निकालापर्यंत न पोहोचता बारा वाजता तहकूब होते. प्रथम वादीपक्षाचा पूर्वेतिहास वाचला जातो. अमेरिकेतील डीआर्मंडची ट्रेमोलोची पेटी 1940 च्या दशकात निघाली; तिच्यात एक छोटी मोटर विद्युत्‌वाहक द्रवाने भरलेली कुपी हलवीत असे, आणि द्रव हिंदकळेल तसतसा गिटारच्या ध्वनीचा काही अंश जमिनीत सोडला जाई. बो डिडली ह्या वादकाने 1955 साली ह्याच पेटीच्या जोरावर आपली थरथरती लय जगास ऐकवली. कालांतराने द्रव आटतो, तेव्हा काही रसिक त्यात काच पुसण्याचे निळे पाणी घालतात, हे सांगताना पंतांचा कंठ दाटून येतो. आणि त्यांच्या पत्नीच्या चेहऱ्यावर, घरातली ती बाटली परवापासून कोठे गेली आहे, ह्याचा उलगडा झाल्याचे स्पष्ट दिसते.

त्यानंतर मुख्य पक्षकार उभे राहतात. पहिला पक्ष प्रकाशाचा: 1963 साली आलेल्या फेंडर ट्विन रिव्हर्बसारख्या अॅम्प्लिफायरांत एक चिमुकला निऑन दिवा उघडझाप करतो, त्याचा उजेड प्रकाशसंवेदी रोधकावर पडला की आवाज उतरतो, दिवा विझला की चढतो, ह्यातून निघणारा कंप ठसठशीत, किंचित तुकड्यातुकड्यांचा असतो. दुसरा पक्ष बायसचा: फेंडर प्रिन्स्टनसारख्या लहान अॅम्प्लिफायरांत शक्तिनलिकांचा बायस म्हणजे त्यांस दिलेला मूळ विद्युद्दाबच झुलवला जातो, त्यामुळे नलिका स्वतःच श्वास घेतल्याप्रमाणे फुलते आणि उसासते, आणि तो कंप गोल, मऊ व काहीसा असमान येतो. तिसरा पक्ष सर्वांत खानदानी: 1960 च्या सुमारास थोडीच वर्षे चाललेल्या तपकिरी फेंडरांत ध्वनीचे खर्ज व तार असे दोन भाग करून त्यांस आळीपाळीने खालीवर करीत, एक चढे तेव्हा दुसरा उतरे, ह्यास हार्मोनिक ट्रेमोलो म्हणतात, आणि तो ऐकताना आवाज कमी न होता नुसता ध्वनीचा वर्ण पालटत असल्याचा भास होतो. कॅलिफोर्नियातील स्ट्रायमन कंपनीने फ्लिंट नावाच्या एकाच पेटीत हे तिन्ही प्रकार बसवले, तेव्हा पंतांस आनंद होईल अशी सर्वांची अपेक्षा होती; परंतु तिन्ही पक्षांनी आपसांत तडजोड केल्याने न्यायाधीशाची जी अवस्था व्हावी तीच त्यांची झाली, आणि ‘ह्यात संगणकाचा अंश आहे’ असा शेरा मारून त्यांनी ती नस्ती बासनात बांधली.

पंतांची भाषा घरातल्या इतर माणसांस समजत नाही, त्याचे एक कारण असे की, पेडलच्या खुंट्यांची स्थिती ते घड्याळाच्या काट्यांवरून सांगतात. खुंटी सरळ वर असली की बारा, किंचित उजवीकडे झुकली की एक किंवा दोन. एका रविवारी ते जमिनीवर बसून, डोळे मिटून, एकच ई मायनर कॉर्ड पुनःपुन्हा छेडीत होते. कपाट, खिडकी आणि टेबलावरचा पाण्याचा पेला हे सर्व त्या लयीत मंद मंद किणकिणत होते. स्वयंपाकघरातून पत्नीने विचारले, ‘‘अहो, पाने किती वाजता घेऊ?’’

‘‘डेप्थ दोन वाजता, रेट दहा वाजता,’’ पंत समाधिस्थ स्वरात उद्गारले.

‘‘दोन म्हणजे फारच उशीर होतो हो,’’ त्या म्हणाल्या, ‘‘तुमच्या आईंना औषध घ्यायचं असतं.’’

त्या दिवशी पाने सव्वा वाजता घेतली गेली, आणि डेप्थही कोणाच्या तरी पदराचा धक्का लागून सव्वा वाजताच येऊन थांबली. सायंकाळी गिटार पुन्हा हाती घेतल्यावर पंत चकित झाले, कारण ध्वनी अकस्मात उबदार व खोल झाला होता. त्यांनी त्याचे श्रेय हवेतल्या आर्द्रतेस दिले आणि तशी नोंदही केली.

पेडल परदेशातून आणावयाचे तर डाक व जकात ह्यांचा हिशेब मूळ किमतीशी स्पर्धा करू लागतो. म्हणून पंतांनी नात्यागोत्याचा उपयोग सुरू केला आहे. त्यांचा भाचा न्यू जर्सीस असतो. दिवाळीस मायदेशी येताना त्याने काय आणावे, ह्याविषयी सर्व नातेवाइकांचे तगादे लागतात. बदाम, चॉकलेटे, आजोबांचा कानाचा यंत्रविशेष. मामांची यादी मात्र दरवर्षी एका ओळीची असून दर आठवड्यास बदलते. विमानाच्या आदल्या रात्री शेवटचा खलिता जातो, ‘‘आणू नकोस, नवा प्रकार ऐकला आहे, विचार करतो.’’ भाचा त्या जागी आणखी एक किलो बदाम भरतो, आणि अशा रीतीने मामांच्या कलासाधनेतून सर्व कुटुंबाचे पोषण होते.

दुकानात जाऊन परीक्षा घेण्याचा पंतांचा विधी प्रेक्षणीय असतो. ते स्वतःची गिटार, स्वतःची तार आणि स्वतःचे नऊ व्होल्टचे यंत्र घेऊन जातात, कारण परक्या तारेत ऊब नसते असे त्यांचे मत आहे. दुकानातला तरुण विक्रेता त्यांच्यापुढे बॉसचे टीआर-2 ठेवतो. हे पेडल 1997 पासून बाजारात असून त्यावर वेव्ह, रेट आणि डेप्थ ह्या तीनच खुंट्या आहेत. वेव्हची खुंटी फिरवली की लहर त्रिकोणी आकारापासून चौकोनी आकारापर्यंत जाते, म्हणजे मृदू हेलकाव्यापासून तोडून तोडून ऐकू येणाऱ्या आवाजापर्यंत. पंत डेप्थ थेट शेवटापर्यंत फिरवतात, कारण त्यांना खोल ध्वनी हवा आहे आणि खुंटीवर स्पष्ट अक्षरात तसे लिहिले आहे. कॉर्ड छेडली जाते. ध्वनी मधूनमधून साफ नाहीसा होऊ लागतो, आणि पंत मान हलवून आरोपपत्र वाचतात: ‘‘पेडल चालू केलं की आवाज कमी होतो.’’

विक्रेता बिचारा तरुण असल्याने खरे बोलतो. ‘‘काका, ट्रेमोलो म्हणजे आवाज कमी करायचंच यंत्र आहे. आवाज वर कोणीच नेत नाही, सगळे खालीच नेतात आणि परत आणतात.’’

ह्या एका वाक्यात संपूर्ण विषयाचे सार होते. एरवी गिटारवादक जी पेडले घेतो ती ध्वनीत काही ना काही भर घालतात, कोणी करकर, कोणी प्रतिध्वनी. ट्रेमोलो मात्र मनुष्याकडून पैसे घेऊन त्याच्याच आवाजातला काही भाग सेकंदास चारपाच वेळा काढून नेतो व परत करतो, आणि माधुर्य सर्वस्वी ह्या नेआणीच्या प्रमाणात असते. स्टेपल सिंगर्स ह्या भजनी घराण्याचे कुटुंबप्रमुख पॉप्स स्टेपल्स ह्यांची गिटार आठवावी: किती थोडे स्वर, किती सावकाश कंप, आणि तरी ऐकणाऱ्याच्या छातीत ओल उतरते. ती खोली खुंटी शेवटास नेल्याने आलेली नव्हती, मोजके वाजवल्याने आली होती. परंतु ज्याने आयुष्यभर पगार, चौरस फूट आणि वाहनाची सिलिंडरे वाढतीच पाहिली, त्यास कमी करण्यासाठी खर्च करावा ही कल्पना पचणे कठीण जाते. पंत विक्रेत्याकडे करुणेने पाहतात, तारेचे वेटोळे करतात आणि ‘पुढच्या महिन्यात बघू’ असे म्हणून प्रकरण तहकूब करतात. मागे त्याच दुकानात त्यांनी असाच आक्षेप घेतला होता, तेव्हा एका कारागिराकडून पेडल उघडून आवाज वाढवून घेतला होता. मग अॅम्प्लिफायर फार मोठा वाटू लागला म्हणून तो कमी केला, आणि दोन्ही बाजूंनी खर्च होऊन ध्वनी पूर्ववत् झाला.

पंतांचा उपहास करण्याचा अधिकार मात्र कोणासही नाही. त्यांना मद्याचे व्यसन नाही, ते शेअरबाजारात जात नाहीत, आणि परान्न व परनिंदा ह्यांपेक्षा परपेडल हे व्यसन समाजास कमी उपद्रवी आहे. त्यांच्यामुळे दुकानदारांची दिवाळी होते, आणि वर्षभरात त्यांनी विकलेली जवळजवळ नवी पेडले अर्ध्या किमतीत घेऊन कितीतरी कॉलेजचे मुलगे खरोखरच गाणी वाजवू लागतात. संगीतास आश्रयदाते लागतात. पूर्वी संस्थानिक होते, आता पंत आहेत.

तथापि एखाद्या वाचकास स्वतःच ट्रेमोलो घ्यावयाचा असेल, तर त्याने नस्त्या उघडू नयेत. ज्यावर स्वतंत्र ‘लेव्हल’ची खुंटी आहे असे एखादे साधे पेडल घ्यावे, म्हणजे आवाज उतरल्याची तक्रार जागच्या जागी मिटते; गिटार कर्कश करणाऱ्या पेडलच्या पुढे, अॅम्प्लिफायरच्या बाजूस ते जोडावे; लहर गोल ठेवावी, डेप्थ निम्म्याच्या आसपास राखावी आणि रेट गाण्याच्या लयीस बांधावा. मिनिटास 120 ठोक्यांच्या गाण्यात दर ठोक्यास दोन याप्रमाणे सेकंदास चार आवर्तने पुरतात, ह्यास गणितापेक्षा पायाचा ठेका अधिक उपयोगी पडतो. ऊब तरीही कमी वाटली तर अॅम्प्लिफायरची ट्रेबल थोडी उतरवावी आणि बोटे जरा मानेकडे सरकवून छेडावे. ह्यास पैसे पडत नाहीत. मात्र पंतांचा सल्ला विचारण्यास कधीही जाऊ नये, कारण ते तो देतात.