चिकनला इस्त्री

एडिसन, न्यू जर्सी
श्रावण शुद्ध प्रतिपदा

ती. वहिनी यांस,


पत्रास कारण की, तुमच्या जावेने घरच्या ग्रुपवर आमच्या ओट्यावरचा फोटो टाकला आणि तुम्ही लगेच विचारलंत, "भावजी, चिकनला इस्त्री का करताय?" दादाने हसून डोळ्यांत पाणी आलेले चेहरे ओळीने लावले. आईने "एवढंसंच का?" म्हणून काळजी केली. आणि सगळं शांत झाल्यावर तुमचा खरा प्रश्न आला, की येताना असलं एक यंत्र आपल्यालाही आणाल का. याचं उत्तर हो-नाहीत देता येत नाही. आजपासून श्रावण आहे, यंत्र पुसून फडताळात गेलंय, संध्याकाळ रिकामी आहे, म्हणून सविस्तर लिहितो. आईला वाचून दाखवाल तेव्हा बोंबलाचा मजकूर तेवढा गाळा. बिचारीचा आजच पहिला दिवस आहे.

तर वहिनी, तुमचं म्हणणं बरोबरच आहे. ही इस्त्रीच आहे, फक्त दोन बाजूंनी. खाली एक तापलेला पत्रा, वर एक, मध्ये कोंबडी. झाकण मिटलं की दोन्हीकडून एकदम भाजतं, त्यामुळे उलटायचं काम नाही आणि वेळ अर्ध्यावर. पत्र्यावर उभ्या रेघा असतात, त्या चिकनवर उमटतात आणि निखाऱ्यावर भाजल्याचा आव येतो. खालचा पत्रा पुढच्या बाजूला उतरता असतो. सुटलेली चरबी ओघळून पुढच्या छोट्या ताटलीत पडते, आणि ती ताटली दाखवून हे लोक एकमेकांना सांगतात, बघा, एवढी आपल्या पोटात गेली असती! आपल्याकडे रश्श्यावर तवंग दिसला नाही तर माणसं यजमानाच्या परिस्थितीची चौकशी करतात. इथे तवंग मुद्दाम वेगळा काढून बेसिनमध्ये ओततात. (बेसिनमध्येही ओतू नये, नळी तुंबते. डब्यात थिजवून कचऱ्यात टाकतात.)

मग कोळशावर का नाही भाजत, असं दादा म्हणेल. त्याला सांगा, इथल्या इमारती लाकडाच्या सांगाड्याच्या असतात. इमारतीला लागून दहा फुटांच्या आत कोळशाची शेगडी पेटवायची नाही, असा अग्निशमनाचा नियम बऱ्याच ठिकाणी आहे, आणि आमची बाल्कनी तर सगळी मिळून दहा फूट नाही. म्हणजे शेगडी पेटवायची तर शेजाऱ्याच्या गाडीवर ठेवावी लागेल. विजेचं चालतं. त्यात जाळ नाही.

या यंत्राला इकडे घरोघरी नेलं एका मुष्टियोद्ध्याने, जॉर्ज फोरमनने. १९७४ साली महंमद अलीकडून किन्शासात मार खाल्लेला तोच. पुढे तो पाद्री झाला, दहा वर्षं रिंगणात उतरला नाही, मग परत आला आणि १९९४ साली पंचेचाळिसाव्या वर्षी पुन्हा जगज्जेता झाला. त्याच साली त्याच्या नावाचं हे ग्रिल बाजारात आलं. यंत्राची कल्पना दुसऱ्याची, नाव याचं. पण हा गडी टीव्हीवर स्वतः बर्गर खात ते विकायचा, आणि त्याचं अंग बघून लोकांना वाटायचं, हा खातो तर आपण का नाही. १९९९ साली कंपनीने त्याचं नाव कायमचं वापरण्यासाठी १३ कोटी ७५ लाख डॉलर मोजले. ठोसे मारून कमावले त्यापेक्षा कोंबड्या दाबून जास्त मिळाले. मार्च २०२५ पर्यंत होता. आणि तुम्हाला आवडेल अशी गोष्ट म्हणजे त्याने आपल्या पाचही मुलग्यांची नावं जॉर्ज ठेवली. आपल्या आळीत 'गणेश' म्हणून हाक मारली की चार घरांतून 'ओ' येते. त्याच्याकडे ती सोय एकाच घरात होती.

आमचं यंत्र त्याच जातीचं, दुसऱ्या कुणाचं तरी, सवलतीत मिळालेलं. आता स्वयंपाकाचं सांगतो, कारण दादा हसून विसरेल पण तुम्ही करून बघाल.

इथे लोकांना कोंबडीची छाती लागते, तीही बिनहाडाची. तंगडी स्वस्त, छाती महाग. कोंबड्याच अशा पोसलेल्या की एकेक छाती पाव किलोच्या वर भरते. एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला पातळ. तशीच यंत्रात घातली तर पातळ टोकाचं लाकूड होतं आणि जाड टोक आत कच्चं राहतं. म्हणून ती प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून लाटण्याने ठोकायची, सगळीकडे अर्धा इंच होईपर्यंत. मग आपलं हिरवं वाटण, हळद, मीठ, लिंबू, दोन चमचे घट्ट दही, चमचाभर तेल, आणि तुम्ही पाठवलेला आगरी मसाला, हात आखडता न घेता. दोन तास मुरवायचं. खरी मेख पुढे आहे. यंत्रात घालण्याआधी वरचं जाडसर वाटण निपटून काढायचं. जिवावर येतं, मला माहीत आहे. पण ओलं वाटण राहिलं तर आधी त्यातलं पाणी उकळत बसतं, आणि पाणी आहे तोवर वरची कातडी शंभर अंशांच्या पुढे जात नाही. भाजल्याचा रंग आणि वास येतो तो एकशे चाळिसाच्या पुढे. म्हणजे वाटण ठेवलंत तर चिकन भाजत नाही, घामाघूम होतं.

पत्रे चांगले तापल्यावरच घालायचं. पाच-सात मिनिटं. शिजलं का ते बघायला इथे थर्मामीटर खुपसतात. हसू नका. कोंबडी आतून ७४ अंशांना पोचली की खायला हरकत नाही, मटणाचा खिमा असेल तर ७१. हाडाचे तुकडे घालू नका. हाड मध्ये आलं की वरचा पत्रा त्याच्यावर टेकून राहतो आणि मांसाला लागतच नाही. बोकडाचं मटण तर मुळीच नको. आम्ही हलाल खाटकाकडून मांडीचे काप करून आणले होते. आपलं मटण शिजतं ते पाण्यात, मंद आचेवर, तासाभराने. त्यातल्या चिवट शिरा विरघळायला तेवढा वेळ लागतोच. सहा मिनिटांच्या इस्त्रीने त्याची चप्पल झाली. पोरगी म्हणाली, "बाबा, हे गिळायचं कधी?"

कोलंबी मात्र झकास. चार मिनिटं. तिच्याबद्दल तक्रार नाही.

आता गटारीचं. अमावास्या आडवारी, म्हणून शनिवारी साजरी केली. सहा माणसांना आवतण दिलं होतं. पण तुम्हाला माहीत आहे, मराठी माणूस गटारीला एकटा येत नाही. कुणाचे साडू आले होते, कुणाकडे पुण्याहून आईवडील. यंत्रात एका वेळी मावतात चार तुकडे. चार भाजून काढेपर्यंत दहा मिनिटं, वर पत्रे परत तापायला वेळ. मी यंत्रमागांच्या भिवंडीचाच, म्हणून पाळ्या लावल्या. पहिली पाळी मुलांची, दुसरी पाहुण्यांची, तिसरी आपली. पहिल्या पाळीतली मुलं खाऊन, खेळून, भूक लागली म्हणून परत रांगेत उभी राहिली, तरी दुसरी पाळी सुरूच. एक कोल्हापूरकर बराच वेळ ताटली हातात धरून यंत्राकडे बघत होते. शेवटी अगदी सौम्यपणे म्हणाले, "सुरुवात छान झाली. आता तांबडा-पांढरा कुठाय?"

हे बघून डोंबिवलीचे एकजण धावत घरी गेले आणि आपलं ग्रिल घेऊन आले. डोंबिवलीकराने भिवंडीकराला वेळेवर गाठलं, हे आपल्याकडे कल्याण फाट्याच्या कोंडीत कधी घडलं नसतं. त्यांनी मोठ्या उत्साहाने आमच्या यंत्राशेजारीच आपलं लावलं. इथे वीज १२० व्होल्टची. ओट्यावरच्या तारेवर वीस अँपिअर, म्हणजे चोवीसशे वॉटपर्यंत झेपतं. दोन ग्रिलं दीड-दीड हजारांची. तिसऱ्याच मिनिटाला खटका पडला आणि दोन्ही झाकणं मिटलेल्या अवस्थेत थंड व्हायला लागली. ज्यांचं बालपण लोडशेडिंगमध्ये गेलं त्या सगळ्यांना एकदम घरी आल्यासारखं वाटलं. कुणीतरी सवयीने मेणबत्ती मागितली. दिवे चालू होते.

तेव्हा तुमच्या जावेने काय केलं माहीत आहे? एक शब्द न बोलता मोठं पातेलं काढलं, गॅसवर चढवलं, मी निपटून ठेवलेलं सगळं वाटण त्यात परतलं, उरलेलं कच्चं चिकन तुकडे करून टाकलं, आणि वर तांब्याभर गरम पाणी. अर्ध्या तासात सगळे जेवायला बसले. साडूसुद्धा.

वहिनी, माझं म्हणणं एवढंच. रात्री नऊला दादाचा फोन येतो, टेम्पो मानकोलीला अडकला होता, आता निघालो, बरोबर गोदामातले दोघं आहेत आणि अंजूर फाट्यावर मामाही भेटलाय. तुम्ही काय करता? रश्श्यात दोन भांडी पाणी, पळीभर वाटण, चिमूटभर मीठ, वर एक उकळी. तांदळाच्या भाकऱ्या चार जास्त. मामाला कळतही नाही की तो हिशेबात नव्हता. या यंत्रात पाणी ओतायची सोय नाही. इथे माणसं आधी मोजायची, मग तुकडे. ज्यांच्या घरी पाहुणा दोन आठवडे आधी विचारून येतो, त्यांच्यासाठी हे बनवलेलं आहे. इथे तसेच येतात, म्हणून इथे चालतं.

पण एका गोष्टीत याला तोड नाही, आणि ती खोक्यावर छापलेली नाही. सुका बोंबील! (आई, पुढचं ऐकू नकोस.) बोंबील मुळात चपटा, हाड नावाला, पाणी आधीच वाळलेलं. झाकण मिटलं की दोन्ही पत्रे टोकापासून टोकापर्यंत बसतात. दोन मिनिटांत तेलाशिवाय असा खुसखुशीत होतो की निखाऱ्यावरचा आठवावा. वर कच्चा कांदा, हिरवी मिरची, लिंबू. फोरमनला एकदा खिलवायला हवा होता. अडचण वासाची. आमच्या चुलीवरचा पंखा वास आत ओढतो, जाळीतून फिरवतो आणि परत खोलीतच सोडतो. बऱ्याच इमारतींत तसाच असतो. खालच्या मजल्यावरच्या आजीबाई वर येऊन विचारून गेल्या, कुणाला बरं नाहीये का? आणि दुसऱ्या दिवशी त्याच यंत्रात पोरीचं चीज सँडविच झालं. शाळेत तिच्या बाकाभोवती बरीच मोकळी जागा झाली, असं ती सांगते. तिने मात्र संपवलं. आगऱ्याची पोर आहे.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. इथून आणणार नाही, आणि ते कंजूषपणाने नाही. इथलं यंत्र १२० व्होल्टचं, आपल्याकडे वीज २३० ची. तसंच खुपसलं तर साडेतीनपटीहून जास्त वीज ओढेल आणि चिकनच्या आधी यंत्रच भाजून निघेल. हवंच असेल तर तिथलंच मागवा. आणि ते येणार कुठून? बहुतेक आपल्याच गावाशेजारच्या एखाद्या गोदामातून. काल्हेर, काशेळी, पूर्णा, राहनाळ, जिथे आपण लहानपणी भाताच्या बांधावर चिंबोऱ्या धरल्या, तिथेच आता अर्ध्या मुंबईचा माल पडून असतो. कदाचित दादाच्याच टेम्पोत चढेल, ठाण्यापर्यंत जाईल, तिथून छाप मारून परत भिवंडीला येईल. तुम्ही दारात सही करून घ्याल आणि दादा भाड्याचा हिशेब लिहील.

पण खरं सांगायचं तर घेऊ नका. हिवाळ्यात पेणला आत्याकडे पोपटी लावाल तेव्हा मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा आणि पाल्यात गुंडाळलेली कोंबडी घालून तोंड बंद करून पेंढ्याचा जाळ कराल, तीही बिनतेलाची, बिनपाण्याचीच. शिवाय मडकं मोठं घेता येतं.

गणपतीआधी आमच्या ओळखीचं एक कुटुंब ठाण्याहून निघतंय. त्यांच्याकडे मसाला द्या, दोन पिशव्यांत बांधून, वर डबा. मागच्या वेळी एकच पिशवी होती आणि त्या माणसाचे सगळे शर्ट भगवे झाले. सुके बोंबील दिलेत तर चालतात, फक्त विमानतळावर त्यांनी ते आपणहून जाहीर करायला हवं. मटणाचं लोणचं देऊ नका, मांस आणू देत नाहीत.

आईला साष्टांग नमस्कार, दादाला नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुमचा धाकटा दीर

ता. क. जाऊबाई, मी हे वाचलं. बाकी सगळं खरं आहे, पण ह्या यंत्राचे पत्रे सुटे निघत नाहीत, ते नळाखाली धरता येत नाही आणि तारेच्या घासणीने घासलं तर वरचा लेप जातो, हे यांनी लिहिलेलं नाही, कारण यांना ते माहीतच नाही. गरम असतानाच ओलं फडकं घालून झाकण मिटायचं आणि पाच मिनिटांनी पुसायचं. हळद तरी जात नाहीच. त्या कुटुंबाकडे बोंबलांबरोबर बिडाचा तवा मावला तर पाठवा. जड आहे, पण त्यांच्याकडे दोन बॅगा रिकाम्या आहेत, मी विचारून घेतलंय.