डाव्या चाकाचा षड्ज

मामींचं लोखंडी कपाट नागपूरच्या महाल भागातून रामटेकला न्यायचं ठरलं, तेव्हा सोबत मलाही नेलं गेलं. कपाट उचलायला माझा काडीचा उपयोग नाही. पण माझा कान फार तयार आहे. निदान मी तसं इतकी वर्षं सांगत आलोय की घरच्यांनी आता विरोध सोडून दिलाय. मैफलीत तबला जरा उतरला की माझ्या कपाळावर आठी पडते. घरी कुकरच्या शिट्ट्या मोजायचं काम मात्र मला कुणी देत नाही.

पिकअप मामेभावाची. पुढे तो, मधे मामी, दाराशी मी. मागे कपाट, दोन गाद्या आणि मामींना ऐनवेळी आठवलेलं दगडी जातं. निघाल्या निघाल्या डावीकडे खालून संथ गुणगुण सुरू झाली. नागपुरात अशा आवाजाकडे कुणी लक्ष देत नाही, कारण इथल्या सिमेंटच्या रस्त्यांवर नवं टायरसुद्धा गुणगुणतं. पण कामठी गेली, कन्हानचा पूल गेला, डांबर लागलं, तरी सूर काही थांबेना. गाडीचा वेग वाढला की तो चढायचा, कमी झाला की उतरायचा.

"तंबोरा लावल्यासारखं वाटते नं?" मामी म्हणाल्या.

"काळी दोन," मी निर्वाळा दिला.

"टायर आहे बे," मामेभाऊ म्हणाला आणि त्यानं रेडिओ मोठा केला.

गुणगुणीची घरघर झाली, घरघरीची खरखर. मनसरच्या अलीकडे स्टीअरिंग थरथरायला लागलं आणि जळकट वास आला. गाडी कडेला घेऊन मामेभावानं चाकाच्या मधोमध हात लावला, आणि आईसमोर कधी न काढलेला शब्द त्याच्या तोंडून निघाला. मामींनी पदर सावरत मँगनीजच्या ट्रककडे पाहिलं.

बंद पडलेली गाडी दिसली आणि माणूस मुकाट पुढे गेला, असं आमच्या नागपुरात होत नाही. एक म्हणाला ब्रेक चिकटला, दुसरा म्हणाला कमान तुटली. तिसऱ्यानं कपाट उघडून आत काही आहे का ते पाहिलं. "काऊन थांबले भाऊ?" हा प्रश्न तर प्रत्येकानं विचारला. जणू आम्ही मे महिन्यातल्या दुपारी ऊन खायला थांबलो होतो! त्या एका तासात माणुसकीवरचा माझा विश्वास बराच झिजला.

कालिदासाचा रामगिरी म्हणजे हेच रामटेक, असं महामहोपाध्याय मिराशींनी मांडलं. त्या यक्षाला इथे वर्षभर अडकून पडावं लागलं, पण निरोप न्यायला त्याच्याजवळ मेघ तरी होता. आमच्या डोक्यावर ढगाचा ठिपकाही नव्हता. निरोप मोटरसायकलवाल्या एका पोरानं नेला आणि तासाभरानं तो आपल्या मागच्या सीटवर म्हातारे मिस्त्री घेऊन आला.

मिस्त्रींनी काही न विचारता डाव्या चाकाखाली जॅक लावला. आवाज उजवीकडूनही येत असावा, असं माझं मत मी त्यांना सविस्तर सांगितलं.

"बाबाले ऐकू नाही येत," पोरगा म्हणाला. "जन्मभर घण मारले नं. ते हातानं पाहतात."

मिस्त्रींनी चाक वर आणि खाली धरून हलवलं. ते डुगडुगलं. मग एक हात चाकामागच्या कमानीवर ठेवून दुसऱ्यानं चाक फिरवलं, डोळे मिटले आणि हवेत वळणाची खूण करून भुवया उंचावल्या. "उजवीकडे वळली की जास्त बोंबलते का, असं विचारून राहिले," पोरानं उलगडा केला. बोंबलत होतीच. गाडी उजवीकडे वळली की भार डाव्या चाकावर येतो. दुखणं तिथलं असलं की ते तेव्हाच ओरडतं.

चाक निघालं, हब निघाला. आतलं ग्रीस काळंठिक्कर, आणि त्यात लोखंडाचा चुरा चमकत होता. ऑइल सील फाटून पाणी आत गेलं होतं. बेरिंगच्या रोलरांवर खड्डे, आतली कडी तापून निळी पडलेली. पोराला नवा जोड आणि सील आणायला कामठीला पिटाळलं. तो येईपर्यंत मामींनी मिस्त्रींना दशम्या खाऊ घातल्या आणि घरची सगळी चौकशी खुणांनी पूर्ण केली.

हे निमुळत्या रोलरचं बेरिंग अमेरिकेतल्या हेन्री टिमकेन नावाच्या बग्ग्या बांधणाऱ्यानं १८९८ मध्ये पेटंट केलं. वरून वजन आणि वळणावर बाजूचा रेटा, असा दुहेरी जाच सोसायला रोलर तिरपे बसवले. लग्नाच्या वयाच्या मुलांना हे बेरिंग दाखवायला हवं.

मिस्त्रींनी डाव्या तळहातावर ग्रीसचा गोळा घेतला आणि बेरिंगची रुंद कड त्यात दाबत राहिले. रोलरांच्या फटींतून वरच्या बाजूनं ग्रीसचे बारीक किडे बाहेर येईपर्यंत दाबलं. मग बेरिंग जरा फिरवून पुन्हा तेच. घाई नाही. नट चाक फिरवत घट्ट आवळला, मग सैल केला आणि बोटांनीच बेताचा बसवला. फार आवळला तर बेरिंग जळतं, सैल राहिला तर चाक डुलतं. वर नवी कॉटर पिन.

मग त्यांनी माझं मनगट धरलं, माझा तळहात कमानीवर ठेवला आणि चाक फिरवलं. हाताखाली काही म्हणता काही नाही. ते माझ्या तोंडाकडे बघत होते. निकाल त्यांना तिथे वाचायचा होता. मी मान डोलावली, तेव्हा म्हातारा असा हसला की मामींनी पर्समधून आणखी एक नोट काढली.

"उजवंही बदलून घ्या," पोरानं जाता जाता बजावलं. "दोघं एकाच वयाचे आहेत."

"पुढच्या महिन्यात पाहू," मामेभाऊ म्हणाला.

नगरधनचा किल्ला, वाकाटकांची राजधानी, अंधारात कुठेतरी राहिला. गडमंदिराचे दिवे दिसले, मामींनी गाडीतूनच हात जोडले. घरी पोचून कपाट उतरवलं, तर ते दारातून जाईना. आडवं घातलं, तिरपं घातलं, शेजारचे चौघं बोलावले. शेवटी मामींनी फर्मान काढलं, की कपाट येत्या रविवारी परत महालात जाईल.

"आणि तू येजो बापा सोबत," त्या मला म्हणाल्या. "उजव्या चाकाचं ऐकायला कोणी तं पाहिजे."