बोटांची बेरीज

पालघर जिल्हा ठाण्यापासून विभक्त व्हावयास 2014 साल उजाडावे लागले. याच जिल्ह्यातील तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत बोट हातापासून विभक्त व्हावयास मात्र एक निमिष पुरते. त्या बोटाचे मोल 1948 च्या राज्य कामगार विमा कायद्याने मोठ्या निर्विकारपणे ठरवून ठेविले: तर्जनी गेल्यास कमाईची शक्ती 14 टक्क्यांनी घटते, मध्यमा गेल्यास 12 टक्क्यांनी, परंतु ‘एका हाताची दोन बोटे’ असे एकत्र मोजले, की तीच हानी, बोटे कोणती याची विचारपूस न होता, 20 टक्क्यांवर येऊन स्थिरावते. येथे 26 ही बेरीज करणारा तारापूरजवळच्या बोईसरचा कामगार अर्थातच गणितात कच्चा! हानी मोजणाऱ्या वैद्यकीय मंडळाचा निर्णय अमान्य असल्यास त्याने वैद्यकीय अपील न्यायाधिकरणाकडे, व तेथेही अर्ज नामंजूर झाल्यास कामगार विमा न्यायालयाकडे दाद मागावी, अशी उदार तजवीज त्याच कायद्यात होती. फक्त प्रत्येक पायरीवर स्वाक्षरी लागे, आणि ती हातानेच करावयाची असे. तेव्हा कामगारबंधूंनो, अपघाताची नोंद कारखान्याच्या अपघातवहीत त्याच दिवशी करून घ्या. स्वतः लिहिणे अशक्य झाल्यास ज्याची बोटे शाबूत आहेत अशा सोबत्याकडून लिहवून घ्या.